सीएमआयएसच्या टीसीकेला स्वतःच्या चाचण्यांची जोड कशी द्यायची

तुमच्यासमोर एक डॉक्युमेंट रिपॉझिटरी आहे. तिच्या माहितीपत्रकात "सीएमआयएस १.१ सपोर्टेड" असं लिहिलंय. सीएमआयएस हे अशा रिपॉझिटरींशी बोलण्याचं एक सामाईक मानक. तिच्यावर तुम्हाला एखादं ॲप्लिकेशन उभं करायचंय, किंवा जुन्या रिपॉझिटरीतला सगळा ऐवज तिच्यात हलवायचाय. माहितीपत्रकातल्या त्या ओळीवर किती विसंबायचं, हे चाचण्या चालवल्याशिवाय कळत नाही. टीसीके नावाचा तयार चाचण्यांचा संच उपलब्ध आहे आणि तो चांगला आहे. पण तुमचे डॉक्युमेंट टाइप, तुमच्या परवानग्या, तुमच्याकडची फाइलनावं त्या संचाला ठाऊक नसतात. म्हणून त्याला स्वतःचं एक्स्टेन्शन जोडावं लागतं. या वाटेने मी गेलेलो आहे, आणि जी माहिती एका जागी लिहिलेली सापडत नाही ती इथे क्रमाने दिली आहे.

जावा थोडंफार येतं आणि मेव्हनने प्रोजेक्ट बिल्ड करता येतो, एवढं गृहीत धरलंय. क्लासेसची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, सलग जोडून शोधा.

१. आधी कशाची चाचणी घेताय ते समजून घ्या

सीएमआयएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट इंटरऑपरेबिलिटी सर्व्हिसेस. ओएसिस या संस्थेचं हे मानक. १.० आवृत्ती २०१० साली मंजूर झाली, १.१ चं अंतिम स्पेसिफिकेशन २०१३ मधलं आहे. मानक एक डेटा मॉडेल ठरवतं: डॉक्युमेंट, फोल्डर, रिलेशनशिप, पॉलिसी, आणि १.१ पासून आयटम व सेकंडरी टाइप. त्यावर सर्व्हिसेसचे गट आहेत: रिपॉझिटरी, नेव्हिगेशन, ऑब्जेक्ट, व्हर्शनिंग, क्वेरी वगैरे. या सर्व्हिसेस तारेवरून तीन प्रकारे जातात, त्यांना बाइंडिंग म्हणतात: ॲटमपब, वेब सर्व्हिसेस म्हणजे सोप, आणि १.१ मध्ये आलेलं जेसन-आधारित ब्राउझर बाइंडिंग.

ओपनसीएमआयएस ही अपाची केमिस्ट्री प्रकल्पातली जावा लायब्ररी. तिच्यासोबतच टीसीके, म्हणजे टेक्नॉलॉजी कम्पॅटिबिलिटी किट येतं. त्यात मूलभूत माहिती, टाइप, तयार करणं-वाचणं-बदलणं-काढणं, व्हर्शनिंग, फायलिंग (फोल्डरमध्ये ठेवणं), एसीएल (परवानग्यांची यादी) आणि क्वेरी असे चाचण्यांचे गट आधीच लिहिलेले आहेत. तुम्ही यातच आपला गट जोडणार आहात.

स्पेसिफिकेशन अथपासून इतिपर्यंत वाचायची गरज नाही. डेटा मॉडेलचं प्रकरण मात्र सगळं वाचा. ते टाळून लिहिलेल्या चाचण्यांत रिपॉझिटरीच्या चुका कमी आणि लिहिणाऱ्याचे गैरसमज जास्त सापडतात.

२. साहित्य जमवा

- सीएमआयएस १.१ चं स्पेसिफिकेशन, शोधता येईल अशा स्वरूपात.
- जेडीके ८ आणि मेव्हन.
- ओपनसीएमआयएसची १.१.० आवृत्ती (२०१७ मधली), त्यातलं टीसीके मॉड्यूल मेव्हन डिपेंडन्सी म्हणून.
- टॉमकॅट ९ आणि त्यावर चढवायचा ओपनसीएमआयएसचा इन-मेमरी सर्व्हर, म्हणजे सगळं फक्त मेमरीत ठेवणारी नमुना रिपॉझिटरी.
- सीएमआयएस वर्कबेंच. रिपॉझिटरीत डोळ्यांनी डोकावायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. टीसीके चालवायची सोयही त्यात आहे.
- तारेवरून जाणारं एचटीटीपी बघायला एखादं प्रॉक्सी टूल.
- चाचणीच्या रिपॉझिटरीत किमान दोन युजर: एक सर्व हक्क असलेला, दुसरा मर्यादित हक्कांचा.
- प्रॉडक्शनशी काहीही संबंध नसलेली रिपॉझिटरी.

यातल्या दोन आकड्यांकडे नीट लक्ष द्या. जावा ११ मध्ये सोप आणि एक्सएमएल बाइंडिंगचे भाग जेडीकेमधून काढून टाकण्यात आले. ओपनसीएमआयएस त्याआधीचं आहे. नव्या जेडीकेवर ते चालवायला गेलात की क्लास सापडत नसल्याचे एरर येतात, आणि नवखा माणूस दोष रिपॉझिटरीत शोधत बसतो. टॉमकॅटचंही तसंच. १० पासून त्याने जावॅक्सऐवजी जकार्ता ही पॅकेज-नावं घेतली, म्हणून इन-मेमरी सर्व्हर त्यावर थेट चालत नाही. जेडीके ८ आणि टॉमकॅट ९ ही जोडी धरा, सुरुवातीचे बरेचसे हेलपाटे वाचतील.

यादीतल्या शेवटच्या मुद्द्याबद्दल आग्रहाने सांगतो. टीसीके लिहितं, बदलतं, काढून टाकतं. रिपॉझिटरी परवानगी देत असेल तर ते नवे टाइपही तयार करतं. प्रॉडक्शनवर "फक्त वाचायच्या चाचण्या चालवू" असं कोणी म्हणालं तरी नको म्हणा.

३. पाया पक्का आहे याची खात्री करा

स्वतःचं काहीही लिहिण्याआधी मूळ टीसीके इन-मेमरी सर्व्हरवर चालवा. कन्सोलरनर नावाचा क्लास आहे. त्याला सेशन पॅरामीटरची फाइल द्यायची. त्या फाइलमध्ये बाइंडिंगचा प्रकार, पत्ता, युजर, पासवर्ड आणि रिपॉझिटरी आयडी असतो. अहवाल मिळाला की तो जपून ठेवा. नंतर एखादी चाचणी विचित्र वागली तर दोष तुमच्या मांडणीत आहे की समोरच्या रिपॉझिटरीत, हे या अहवालाशी ताडून कळतं.

त्यानंतर तेच मूळ टीसीके खऱ्या रिपॉझिटरीवर चालवा आणि तोही अहवाल ठेवा. तिथे लाल रंग दिसेल, त्याने गांगरून जाऊ नका.

४. रिपॉझिटरीचे दावे वाचा

या सगळ्या लेखातली सर्वात महत्त्वाची पायरी ही. सीएमआयएस हे ऐच्छिक गोष्टींनी भरलेलं मानक आहे. रिपॉझिटरीला जे येत नाही ते तिने तसं जाहीर केलं असेल तर ते मानकाच्या चौकटीतच बसतं. म्हणून चाचणीने आधी विचारायचं, "तू काय येतं म्हणून सांगितलंयस?" आणि मग तेवढंच तपासायचं.

दावे तीन जागी असतात.

पहिली जागा म्हणजे रिपॉझिटरी इन्फो. त्यात क्षमतांची यादी असते. एसीएल "नन", "डिस्कव्हर" किंवा "मॅनेज". क्वेरी "नन", "मेटाडेटाओन्ली", "फुलटेक्स्टओन्ली", "बोथसेपरेट" किंवा "बोथकंबाइन्ड". कंटेंट स्ट्रीम बदलणं "नन", "एनीटाइम" किंवा "पीडब्ल्यूसीओन्ली", म्हणजे चेकआउट केलेल्या (बदलासाठी बाहेर काढलेल्या) प्रतीवरच. शिवाय मल्टिफायलिंग (एक वस्तू अनेक फोल्डरमध्ये), अनफायलिंग (कुठल्याच फोल्डरमध्ये नाही), बदलांची नोंद, रेंडिशन (डॉक्युमेंटचं पर्यायी रूप, उदा. थंबनेल), क्वेरीतलं जॉइन अशा बऱ्याच.

दुसरी जागा टाइप डेफिनिशन. या टाइपचं ऑब्जेक्ट तयार करता येतं का, ते फोल्डरमध्ये ठेवता येतं का, व्हर्शन होतं का, क्वेरीत येतं का, आणि कंटेंट असणं सक्तीचं, ऐच्छिक की निषिद्ध.

तिसरी जागा प्रॉपर्टी डेफिनिशन, आणि नेमकी हीच राहून जाते. प्रॉपर्टी आवश्यक आहे का, एकमूल्यी की बहुमूल्यी, निवडीची यादी बंद आहे की खुली, कमाल लांबी किती, आणि ती कधी बदलता येते: कधीच नाही, केव्हाही, फक्त तयार करताना, की फक्त चेकआउट असताना. तुमच्या टाइपमध्ये एखादी प्रॉपर्टी "ऑनक्रिएट" असेल आणि चाचणी ती नंतर बदलायला गेली, तर रिपॉझिटरीचा नकार हाच बरोबर निकाल असतो.

प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला संबंधित दावा वाचा. दावा नसेल तर "स्किप्ड" असा निकाल नोंदवा, सोबत कारण लिहा, आणि बाहेर पडा. कारण लिहिणं ऐच्छिक समजू नका. "व्हर्शनिंगची चाचणी वगळली" यातून काहीच कळत नाही. "हा टाइप व्हर्शनेबल नाही म्हणून वगळली" यातून ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला डिझाइनचा एक निर्णय घेता येतो.

५. निकालाची तीव्रता आधीच ठरवा

टीसीकेत निकालाच्या सहा अवस्था आहेत: इन्फो, स्किप्ड, ओके, वॉर्निंग, फेल्युअर आणि अनएक्स्पेक्टेड एक्सेप्शन. कोणती कधी वापरायची हे लिहिणाऱ्याच्या त्या दिवसाच्या मूडवर सोडू नका. स्पेसिफिकेशनमध्ये कॅपिटल अक्षरांत तीन शब्द सतत येतात: मस्ट, शुड आणि मे. मस्ट मोडला तर फेल्युअर. शुड मोडला तर वॉर्निंग. मे असेल तर जे दिसलं ते इन्फो म्हणून नोंदवा.

इथे एक मोठी गल्लत होते. तुमच्या ॲप्लिकेशनला एखादी गोष्ट हवी असते, मानकात ती सक्तीची नसते, आणि चाचणी ती न मिळाल्याबद्दल फेल्युअर देते. अहवाल विक्रेत्याकडे जातो, तो स्पेसिफिकेशनचं पान दाखवतो, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या तक्रारींचंही वजन जातं. यावर उपाय सोपा आहे: दोन वेगळे गट करा. एका गटात फक्त मानकाच्या आधारे उभ्या राहणाऱ्या चाचण्या, आणि प्रत्येक चाचणीच्या वर्णनात स्पेसिफिकेशनच्या कलमाचा क्रमांक. दुसऱ्या गटात तुमच्या ॲप्लिकेशनच्या गरजा. पहिल्या गटातलं अपयश ही दुरुस्तीची मागणी असते. दुसऱ्या गटातलं अपयश म्हणजे तुमच्या बाजूने काही सोय करावी लागेल याची सूचना.

६. पहिली चाचणी लिहा

सेशन लागणाऱ्या प्रत्येक चाचणीसाठी ॲबस्ट्रॅक्टसेशनटेस्ट हा क्लास वाढवायचा. त्यात दोन मेथड लिहायच्या. इनिट मध्ये आधी मूळ इनिट बोलवा, मग चाचणीचं नाव आणि वर्णन द्या. रन मध्ये सेशन हातात मिळतं. खरं काम तिथे. चाचणीसाठी वेगळं फोल्डर बनवणारी, डॉक्युमेंट तयार करणारी आणि फोल्डर काढून टाकणारी मदतनीस मेथड तयार मिळते. डॉक्युमेंट तयार करणारी मेथड टाइप व्हर्शनेबल आहे का हे बघून व्हर्शनिंग स्टेट स्वतः ठरवते. हे तुम्ही हाताने करायला गेलात तर ध्यानात ठेवा: व्हर्शनेबल नसलेल्या टाइपला "मेजर" पाठवलं की कन्स्ट्रेंट एक्सेप्शन येतं.

तुलना करण्यासाठीच्या मेथड जेयुनिटपेक्षा निराळ्या आहेत. त्या थांबत नाहीत, एक्सेप्शन फेकत नाहीत. यशाचा निकाल आणि अपयशाचा निकाल दोन्ही आधी बनवून द्यायचे, मेथड त्यातला लागू असलेला परत करते, आणि तो तुम्ही निकालांत जोडायचा. यशाच्या जागी नल दिला तरी चालतं. जोडायचं राहिलं तर तुलना झाली पण अहवालात काहीच आलं नाही, अशी स्थिती होते आणि चाचणी हिरवी दिसते. कोड तपासताना हे आवर्जून बघा.

आता एक चाचणी जवळून पाहू: मराठी नावाची फाइल जशी ठेवली तशी परत मिळते का?

"दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा" हे नाव घ्या. त्यातला "ऱ" युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, यू+०९३१ हा एकच कोडपॉइंट. दोन, र म्हणजे यू+०९३० आणि त्यापुढे नुक्ता यू+०९३सी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे अशी रूपं एकसारखी करण्याच्या, एनएफसी पद्धतीत ते एकसंध होतात, एनएफडीमध्ये सुटे. उलट क़, ज़ यांची एकसंध रूपं एनएफसीमध्येही सुटीच होतात. म्हणजे "सगळं एनएफसीत आणलं की काळजी मिटली" असं मानता येत नाही.

बाइटचा हिशेबही बघा. "दुसऱ्या" या शब्दात एकसंध ऱ असेल तर ७ कोडपॉइंट आहेत. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, म्हणजे २१ बाइट. सुटा ऱ असेल तर २४. जिथे नावाची मर्यादा २५५ बाइट आहे तिथे देवनागरीत जास्तीत जास्त ८५ कोडपॉइंट बसतात. रोमन लिपीत चाचणी घेणाऱ्याला ही मर्यादा कधी दिसतच नाही.

चाचणीचा क्रम असा ठेवा.

अ) एकसंध आणि सुटा, अशा दोन्ही रूपांत एकेक डॉक्युमेंट तयार करा. दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण रिपॉझिटरी नॉर्मलाइझ करत असेल तर एकाच फोल्डरमध्ये नावांची टक्कर होईल आणि चाचणी भलत्याच कारणाने पडेल.

आ) कॅश न वापरता ऑब्जेक्ट पुन्हा आणा आणि नाव कोडपॉइंटनिहाय ताडून बघा.

इ) ऑब्जेक्टचे पाथ त्यालाच विचारा आणि त्या पाथने ते आणा. फोल्डरच्या पाथला नाव चिकटवून पाथ बनवू नका. मानकात नाव आणि पाथमधला भाग एकच असेल अशी हमी नाही.

ई) टाइप क्वेरीत येत असेल तर नावाने शोधा. क्वेरीची स्ट्रिंग हाताने जोडण्यापेक्षा क्वेरीस्टेटमेंट वापरा, म्हणजे अवतरणचिन्ह आणि बॅकस्लॅशचं एस्केपिंग तुमच्या डोक्याला नको.

उ) कंटेंट डाउनलोड करा आणि त्यासोबत येणारं फाइलनाव तपासा. इथे नाव हेडरमधून प्रवास करतं, आणि प्रॉपर्टीत शाबूत राहिलेलं नाव हेडरमध्ये मोडल्याचं बऱ्याचदा दिसतं.

निकाल कसा द्यायचा? नाव कोडपॉइंटनिहाय तंतोतंत आलं तर ओके. नॉर्मलाइझ केल्यावर सारखं ठरत असेल तर मानकाच्या गटात इन्फो किंवा वॉर्निंग, कारण नावाचे नियम मोडले जात असतील तर रिपॉझिटरीला दुसरं नाव निवडायची मुभा मानकानेच दिली आहे. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर तुमच्या गरजांच्या गटात बेधडक फेल्युअर द्या. निकालाच्या संदेशात पाठवलेले आणि आलेले कोडपॉइंट हेक्समध्ये छापा. "अपेक्षित दुसऱ्या, मिळालं दुसऱ्या" असा संदेश वाचून समोरचा काहीच करू शकत नाही.

७. गट बांधा आणि चालवा

ॲबस्ट्रॅक्टसेशनटेस्टग्रुप वाढवा, इनिटमध्ये नाव-वर्णन द्या आणि आपल्या चाचण्या एकेक करून जोडा. मग एक साधी टेक्स्ट फाइल बनवा. प्रत्येक ओळीवर एका गटाच्या क्लासचं पूर्ण नाव. कन्सोलरनरला सेशन पॅरामीटरच्या फाइलनंतर ही फाइल द्यायची. तुमचा जार क्लासपाथवर असला की झालं. टीसीकेच्या मूळ कोडला हात लावावा लागत नाही, आणि लावूही नका.

डॉक्युमेंट आणि फोल्डरचे डीफॉल्ट टाइप, तसंच चाचणीचं फोल्डर कुठे बनवायचं, हे पॅरामीटरने देता येतं. तुमचा खास टाइप कोडमध्ये कोरून ठेवण्याऐवजी पॅरामीटर वापरा. आवश्यक प्रॉपर्टी असलेला टाइप मात्र तयार मदतनीस मेथडला झेपत नाही. त्यासाठी टाइप डेफिनिशन वाचून आवश्यक प्रॉपर्टी भरणारी स्वतःची छोटी मेथड लिहा. तिच्यावर वेळ घालवा. पुढच्या सगळ्या चाचण्या तिच्या जिवावर चालणार आहेत.

८. हे सापळे ओळखून ठेवा

*क्लायंटची कॅश.* ओपनसीएमआयएसचं सेशन ऑब्जेक्ट स्वतःजवळ साठवून ठेवतं. तुम्ही प्रॉपर्टी बदलली, ऑब्जेक्ट पुन्हा "आणलं", आणि बदल दिसला. तो सर्व्हरवरून आला की तुमच्याच मेमरीतून? कॅशिंग बंद केलेला ऑपरेशन कॉन्टेक्स्ट वापरल्याशिवाय सांगता येणार नाही. टीसीकेच्या बेस क्लासमध्ये असा तयार कॉन्टेक्स्ट आहे. वाचून ताडायचं असेल तिथे प्रत्येक वेळी तोच द्या.

*बदलल्यावर बदललेला आयडी.* प्रॉपर्टी किंवा कंटेंट बदलल्यावर काही रिपॉझिटरी आपोआप नवी आवृत्ती बनवतात, आणि मानकाला ते मान्य आहे. परत मिळालेला आयडी धरूनच पुढे जा. जुना आयडी धरून बसलात तर जुनी आवृत्ती वाचाल आणि "बदल साठवला गेला नाही" असा खोटा निष्कर्ष काढाल. चेकइननंतर वर्किंग कॉपीच्या आयडीवरही विसंबू नका.

*कसलंही एक्सेप्शन चालवून घेणं.* "हे करू दिलं जाऊ नये" अशा चाचणीत सीएमआयएसबेसएक्सेप्शन पकडलं, तर सर्व्हर आतून कोसळून ५०० आला तरी चाचणी पास होते. नेमकं अपेक्षित एक्सेप्शन पकडा. त्यातही ॲटमपबमध्ये एक अडचण आहे. कन्स्ट्रेंट, नेम कन्स्ट्रेंट व्हायोलेशन, अपडेट कॉन्फ्लिक्ट, व्हर्शनिंग आणि कंटेंट आधीच असल्याचं एक्सेप्शन, या सगळ्यांचा एचटीटीपी कोड एकच, ४०९. सर्व्हरने उत्तरात नेमका प्रकार सांगितला नसेल तर क्लायंट त्याला सरळ कन्स्ट्रेंट समजतो. ब्राउझर बाइंडिंगमध्ये जेसन उत्तरात एक्सेप्शनचं नाव वेगळं येतं. त्यामुळे एकाच रिपॉझिटरीवर एकच चाचणी दोन बाइंडिंगमध्ये दोन निकाल देऊ शकते. ॲटमपबसाठी "४०९ च्या कुटुंबातलं कुठलंही" अशी सूट द्या आणि नेमका प्रकार इन्फो म्हणून नोंदवा.

*मागे राहिलेला सर्च इंडेक्स.* डॉक्युमेंट तयार झालं, पण क्वेरीत सापडत नाही. पुष्कळ रिपॉझिटरींचा इंडेक्स मागाहून भरतो. ठरावीक वेळ झोप काढून क्वेरी चालवली तर चाचणी कधी पास, कधी नापास होते आणि तिच्यावरचा विश्वासच उडतो. ठरलेल्या मुदतीपर्यंत थोड्या थोड्या अंतराने विचारत राहा, आणि किती वेळाने सापडलं ते निकालात लिहा. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला हाच आकडा लागतो.

*एकूण संख्येवर विसंबणं.* फोल्डरमधल्या वस्तूंची एकूण संख्या देणं रिपॉझिटरीवर बंधनकारक नाही. ओपनसीएमआयएसमध्ये अशा वेळी उणे १ मिळतो. पानं उलटताना "अजून आहे का" हा ध्वज बघा. आणि क्रम मागितला नसेल तर दोन पानांमधला क्रम गृहीत धरू नका.

*तारखा.* ॲटमपबमध्ये तारीख एक्सएमएलच्या स्वरूपात जाते, ब्राउझर बाइंडिंगमध्ये साधारणपणे मिलिसेकंदांचा आकडा म्हणून. रिपॉझिटरी मिलिसेकंद साठवतेच असं नाही. आधी प्रॉपर्टी डेफिनिशनमधलं रिझोल्यूशन बघा, मग किती सूक्ष्म तुलना करायची ते ठरवा.

९. सगळ्या बाइंडिंगवर चालवा, आणि क्लायंटच्या मागेही बघा

प्रत्येक बाइंडिंगसाठी वेगळी पॅरामीटर फाइल ठेवा, अहवालाच्या नावात बाइंडिंग लिहा. ब्राउझर बाइंडिंगमध्ये ओपनसीएमआयएस डीफॉल्टने प्रॉपर्टींचं आटोपशीर, "सक्सिंक्ट" रूप मागतं. सविस्तर रूप त्यामुळे तपासलंच जात नाही. सेशन पॅरामीटरने ते बंद करून आणखी एक फेरी काढा.

याहून खोल एक गोष्ट आहे. बऱ्याच रिपॉझिटरींनी आपला सीएमआयएस सर्व्हर ओपनसीएमआयएसच्याच सर्व्हर लायब्ररीवर बांधला आहे. तुमची चाचणीही ओपनसीएमआयएसच्याच क्लायंटमधून जाते. दोन्ही टोकांना एकाच घराण्याचा कोड असला की एका बाजूची चूक दुसरी बाजू सांभाळून घेते. म्हणून तुमच्या गटात चार-पाच चाचण्या अशा ठेवा की त्या थेट एचटीटीपी विनंती पाठवून कच्चं उत्तर वाचतील: सर्व्हिस डॉक्युमेंट, रिपॉझिटरी इन्फोचा जेसन, चुकीच्या विनंतीला मिळणारा कोड, कंटेंटचे हेडर. शक्य असेल तर पायथॉनमधली सीएमआयएसलिब घेऊन तेच दोन-तीन प्रवाह चालवून बघा. ॲटमपबमधल्या ढिलाया तिथे चटकन उघड्या पडतात.

मर्यादित हक्कांच्या युजरने एक संपूर्ण फेरी काढायला विसरू नका. सर्व हक्कांच्या युजरला परवानग्यांच्या चुका दिसणं शक्यच नसतं.

१०. मागे काही ठेवू नका

फोल्डर काढणारी मेथड फायनली ब्लॉकमध्ये बोलवा. चेकआउट केलेलं डॉक्युमेंट आत अडकलं असेल तर फोल्डर निघत नाही, म्हणून आधी चेकआउट रद्द करा. डिलीट ट्री न निघालेल्या ऑब्जेक्टची यादी परत देते. ती रिकामी आहे का हे तपासा आणि नसेल तर अहवालात आणा. रिपॉझिटरीत रिटेन्शन किंवा होल्ड (काढून टाकायला बंदी) लागू असेल तर साफसफाई अडेल. अशा चाचण्यांसाठी काढून टाकता येण्याजोगी स्वतंत्र रिपॉझिटरीच मागून घ्या.

११. अहवाल दुसऱ्याच्या कामाचा करा

टीसीके टेक्स्ट, एक्सएमएल आणि एचटीएमएल अहवाल देतं. माणसांना एचटीएमएल द्या, बिल्ड सर्व्हरला एक्सएमएल. प्रत्येक अहवालासोबत रिपॉझिटरी इन्फोची पूर्ण नोंद, सर्व्हरची आवृत्ती, बाइंडिंग आणि तुमच्या एक्स्टेन्शनची आवृत्ती जोडा. पुढची आवृत्ती आली की आधी दाव्यांमधला फरक बघा, मग निकालांमधला. एखादी क्षमता "मॅनेज" वरून "डिस्कव्हर" वर आली असेल तर चाचण्या पडणार नाहीत, नुसत्या वगळल्या जातील, आणि अहवाल पूर्वीपेक्षाही हिरवा दिसेल. म्हणून वगळलेल्या चाचण्यांची संख्या वाढली तर बिल्ड थांबेल अशी अट घाला.

ज्ञात अपयशांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा: चाचणीचं नाव, बाइंडिंग, स्पेसिफिकेशनचं कलम, विक्रेत्याकडे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक. यादीतलं अपयश बिल्ड पाडणार नाही, पण यादीतली चाचणी अचानक पास झाली तर ते ठळकपणे कळलं पाहिजे, कारण मग ॲप्लिकेशनमध्ये त्या अपयशासाठी घातलेली पळवाट काढून टाकायची वेळ आलेली असते.